गोडी मोजणारा भाडेकरू

चहाचा कप हातात दिला तरी हा माणूस लगेच प्यायचा नाही. आधी खिशातून वीतभर नळी काढायचा, बोटानं चहाचा एक थेंब तिच्या काचेवर टेकवायचा, नळी डोळ्याला लावून उजेडाकडं बघायचा आणि जाहीर करायचा, "काकू, आज साडेअकरा. काल तेरा होते. काही बिनसलंय का घरात?"

आमची मंडळी पदर तोंडाला लावून हसायची. मी हसायचो नाही, कारण बिनसलेलं असायचं आणि ते माझ्यामुळंच असायचं.

नळी साखर कारखान्याची. उसाच्या रसात गोडी किती, ते तिच्यातून दिसतं. हा कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होता. आमच्या घराच्या पश्चिमेला मी एक खोली बांधून ठेवली होती, तिच्यात तो नऊ वर्षं राहिला. मूळ इंदापूरकडचा, उजनीच्या पाण्याकाठचा. बायको-पोरं नव्हती. का नव्हती, ते मी एकदाच विचारलं. तो म्हणाला, "आबा, ह्याला स्वतःचाच पत्ता लागेना, दुसऱ्याला कुठं न्यायचं?"

त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्यालाच राग येईल. नाव म्हणजे गोणीवरचं लेबल, आत साखर आहे की भुसा हे लेबलाला माहीत नसतं, असं त्याचं म्हणणं. पोस्टमननं दारात नाव विचारलं की म्हणायचा, "ह्या शरीराला तसं बोलवतात. द्या." पोस्टमन बिचारा शरीराची सही घेऊन जायचा.

तर हे 'ह्या' प्रकरण असं, की 'मी' हा शब्द त्यानं तोंडातून हद्दपार केला होता. मीपणा गेल्याशिवाय माणूस सुटत नाही, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं आणि सुरुवात शब्दापासून केली होती. "ह्याला भूक लागलीय." "हे आज ड्युटीला जाणार नाही." "ह्याचा पाय मुरगळला." पहिल्या आठवड्यात आमच्या मंडळीला वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी राहायला आलंय. तिनं दोन ताटं वाढून पाठवली. त्यानं दोन्ही खाल्ली.

केस मानेपर्यंत, मागं रबर लावलेला. अंगात बाराही महिने काळा बनियनसारखा शर्ट आणि त्यावर छातीभर छापलेली कवटी. मंडळी म्हणाली, "बाबा, हे मढ्याचं मुंडकं कशाला मिरवतोस रं अंगावर?"

"काकू, मरण विसरू नये म्हणून. हे वैराग्य आहे."

"मग त्ये वैराग्य आतल्या बाजूनं घाल. म्हस बिचकती."

आणि त्याच्याकडं एक विजेची गिटार होती.

आता मी माझं सांगतो. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली तिसरी दोनदा. पण मारुतीच्या देवळात चाळीस वर्षं विणेकरी आहे. पोथी न उघडता पहाटेचा सगळा काकडा म्हणतो. पंचक्रोशीत मला चाल शिकवील असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. अशा माणसाच्या भिंतीला लागून रोज दुपारी चारला, ड्युटी सुटली की, पत्र्यावर दगडं ओतल्यासारखा आवाज सुरू व्हायचा. घरातला फ्यूज जायचा. मी भिंतीवर थाप मारायचो. तो थांबायचा, फ्यूज बसवायचा आणि पुन्हा सुरू. एखाद्या दिवशी तार तुटायची, की आतून ओरड यायची, "माझी तार!"

मी भिंतीला तोंड लावून विचारायचो, "कुणाची रं?"

मग बारीक आवाजात, "ह्याची."

त्या गाण्याला रॉक म्हणतात, हे मला त्यानंच शिकवलं. मोबाईलवर विलायती गाणी लावायचा आणि एकेका ओळीचा मराठीत अर्थ सांगायचा. पन्नास-साठ वर्षांमागं म्हणे विलायतेतली केस वाढवलेली पोरं आपल्याकडं आली, गंगेच्या काठी गुरूंच्या पायाशी बसली, कुणी सतार शिकलं, कुणी ध्यान शिकलं. परत गेल्यावर त्यांनी माया, कर्म, 'मी कोण' हे सगळं गिटारीवर घातलं. कुणी बुद्धाकडून घेतलं, कुणी सूफींकडून. "हे बघा, हा म्हणतोय, तुझ्या आतही तेच आहे आणि बाहेरही तेच. हा म्हणतोय, सगळं निघून जाणार. हा म्हणतोय, मन बंद कर आणि वाहत जा."

"म्हंजे बी आमचं," मी म्हणालो. "त्यांनी न्हेऊन तिकडं पेरलं, आन तू त्याची पेंड आणून आमच्याच दारात टाकतूस."

"पेंड नाही आबा. खोडवा. त्याच मुळाला दुसऱ्या मातीत फुटलेला ऊस."

"आन मन शांत करा म्हणून सांगायला येवढं बोंबलावं लागतं व्हय?"

तो म्हणाला, "तुमचा मृदंग आणि पन्नास टाळ काय कुजबुजतात?"

ह्याला उत्तर होतं, पण तेवढ्यात चहा गार होत होता.

तो स्वतःही गाणी लिहायचा, मराठीत. वही नव्हती. लॅबच्या कागदांच्या पाठीवर लिहायचा, म्हणजे एका बाजूला रसाची गोडी आणि दुसऱ्या बाजूला आत्मा. त्यातलं एक गाणं तो सारखं वाजवायचा. भिंतीतून शब्द येत नव्हते, म्हणून मी एकदा दम देऊन म्हणायला लावलं. गिटार बाजूला ठेवून, लाजत, जमिनीकडं बघत त्यानं म्हटलं:

पेर पेर सोलित गेलो
ऊस सरला, हाती न आलो
रस गाळला, चिपाड जाळले
गोडी कुठे ती, कुणा न कळले
कोण सोलतो, कोण सोलला
पुसणाराच रसात बुडाला

"आन म्होरं? मुद्रा कुठं हाय?" मी विचारलं. आमच्यात अभंगाच्या शेवटी म्हणणाऱ्याचं नाव येतं, अमका म्हणे, तमका म्हणे. ती मुद्रा. त्याशिवाय अभंग पुरा होत नाही.

"तिथं नाव नाही. तिथं नुसती तार वाजते आणि विरते."

"मंग त्ये बिनशेपटाचं वासरू झालं," मी म्हणालो. "आन ऊस सोलला की कांडं हातात येतं. हातात काय आलं न्हाय म्हणतूस, उसाची चेष्टा करतूस का?"

"आबा, ऊस म्हणजे आपण."

"मंग आपल्याला बी टाक कारखान्याच्या गव्हाणीत, ऊस टाकत्यात तिथं."

तो हसला नाही. मला तेव्हा ते कळायला हवं होतं.

बारामतीत एका मंडळाच्या गणपतीपुढं त्याचा कार्यक्रम झाला. ढोलांचा संच वाजवायला गॅरेजवाला, जाड तारांची गिटार धरायला मोबाईल दुरुस्तीवाला, आणि मधे हा. मला आग्रहानं नेलं. मोटारसायकलवर तो पुढं, गिटार मधे आणि मी मागं, म्हणजे गिटारीला बसायला जागा माझ्यापेक्षा जास्त. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. कानात कापूस घालून मी बसलो. गाणं सुरू झालं, तशी पोरं उड्या मारायला लागली. एकानं शर्ट काढून फिरवला. टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं.

परतताना कालव्याच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. "कसं वाटलं आबा?"

"छातीत धडधडलं."

"आणि शब्द?"

"शब्द व्हते का?" मी म्हणालो. "मला वाटलं, नुसताच मसाला हाय, भाजी घालायची राहून गेली."

टोमणा मला आवडला होता. पण तो गाडी चालूच करीना. पाण्याकडं बघत म्हणाला, "उड्या मारणाऱ्यांना पण विचारलं ह्यानं. कुणालाच ऐकू आले नाहीत. एवढी वर्षं लिहितंय हे. एकदा, एका तरी जागी, माणसं बसलीत आणि शब्द ऐकतायत, एवढं बघायचंय. बास."

पुढच्या हरिनाम सप्ताहाची बैठक होती, तेव्हा तो देवळात आला आणि हात जोडून म्हणाला, एक दिवस दहा मिनिटं द्या, गिटार हळू वाजवतो, फक्त शब्द ऐका. बैठकीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठलो. एकदा उठलो की मला बसवणं कुणाला जमत नाही, अगदी मलासुद्धा. मी म्हणालो, "ह्या देवळात गिटारीचं गाणं झालं, तर मी वीणा खाली ठेवीन."

हे साधं बोलणं नव्हतं. सप्ताह बसला की वीणा सात दिवस, रात्रंदिवस, भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. देताना देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. त्यात लहान-मोठा नाही. आता मी मानाचा विणेकरी, त्यामुळं लोक माझ्यापुढं पुरते वाकायचे आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगून कमरेपर्यंत. पण वीणा खाली ठेवीन, असं आमच्या गावात आजवर कुणी बोललं नव्हतं. तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्या दिवसापासून भिंतीपलीकडं ते गाणं वाजलं नाही. बाकीची वाजायची. तेवढं नाही.

आणि इथं माझी फजिती सुरू झाली. वाजायचं बंद झालं, तेव्हा ते माझ्या डोक्यात वाजायला लागलं. म्हशीला पेंड घालताना, पेर पेर सोलित गेलो. दाढी करताना, ऊस सरला. मंडळी म्हणाली, "काय पुटपुटताय?" मी म्हणालो, "हरिपाठ."

सप्ताहाचा पाचवा दिवस. दुपारी दोन ते चार वीणेचा पहारा माझा. देवळात मी आणि मृदंगवाले तात्या, दोघंच, आणि तात्या मृदंगावर डोकं ठेवून घोरत होते. मी उभा राहून तार छेडत होतो. एक अभंग संपला. दुसरा कधी सुरू झाला मला कळलं नाही. तोंडातून आलं, "पेर पेर सोलित गेलो." काकड्याच्या जुन्या, संथ चालीवर. शपथेवर सांगतो, त्या चालीवर ते असं बसलं, की जणू त्या चालीसाठीच कुणी लिहिलं होतं. तात्यांनी डोळे न उघडता मृदंगावर हात टाकला. शेवटाला आलो, मुद्रेची जागा आली, तिथं मी नुसती तार छेडली. देवळात ती विरेपर्यंत मला श्वास घ्यावासा वाटला नाही.

मागं वळलो, तर संध्याकाळचे कीर्तनकार महाराज उभे. बाहेरगावचे, वयानं तरणे, पण अभ्यास मोठा. डोळे मिटलेले.

"आबा, हा अभंग कुठला?"

खरं सांगायला तोंड उघडलं. समोर बैठक दिसली, शपथ दिसली. आणि मी म्हणालो, "जुना हाय."

"कुणाचा?"

"पाठांतरातला. मुद्रा गळून गेलीय."

त्यांनी डायरी काढली आणि सहाही ओळी लिहून घेतल्या. "संध्याकाळी हाच घेतो."

घरी आलो. मंडळीला सांगितलं. ती कणीक मळायची थांबली. "अवं, त्याचं गाणं चोरून तुमी सोवळ्यात न्हेलं?"

"चोरलं न्हाय. तोंडात आलं."

"मंग तोंडानंच सांगा त्याला."

"तो अजून कारखान्यातनं आला न्हाय. तो कीर्तनाला येत न्हाय," मी म्हणालो आणि धोतर बदलायला गेलो. मी आत असताना बाईनं त्याला फोन केला, हे मला नंतर कळलं.

दिवेलागणीला देऊळ भरलं. महाराज पुढं उभे, त्यांच्या मागं मी वीणा घेऊन. महाराजांनी गाणं धरलं, पन्नास टाळकऱ्यांनी उचललं, आणि मी बघतो तर डाव्या खांबाला टेकून काळा शर्ट. कवटी आतल्या बाजूनं घातलेली. पहिली ओळ कानावर पडली तसा तो ताठ झाला.

महाराजांनी काय अर्थ लावला! उसाच्या पेरांत त्यांनी देहाचे पाचही कोश दाखवले. चिपाड म्हणजे देह, जाळले म्हणजे स्मशान. गोडी मोजता येते, चव मोजता येत नाही, हेसुद्धा त्यांचं त्यांना सुचलं. बायका डोळे पुसत होत्या. देवळात दीडएकशे माणूस मांडी घालून बसलेला आणि शब्द ऐकतोय. खांबाला टेकलेल्या माणसाला जे एकदाच बघायचं होतं, ते त्याच्यापुढं चाललेलं. त्याचा चेहरा असा झाला होता, की जणू स्वतःच्या पोराचं लग्न भिंतीवरून चोरून बघावं लागतंय.

मग महाराज म्हणाले, "मंडळी, ह्याला मुद्रा का नाही? काळाच्या ओघात गळाली. पण भाषा सांगते, हे संतवचन आहे, तीनशे वर्षांचं तरी असेल. आणि बघा, ज्यानं मीपणा सोडला, त्याचं नाव देवानंच पुसलं! असा निर्मोही माणूस आज सापडेल का?"

सगळ्यांनी विठ्ठलाचा गजर केला. निर्मोही माणूस खांबाजवळ लालबुंद झाला. सात वर्षं मीपणा घासून काढलेला हा गडी, तीनशे वर्षं मागं ढकलल्यावर ओठ चावत होता. मला हसू यायला हवं होतं. थोडं आलंही. पण तो उठला. कुणाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून माणसांमधून चपलांकडं निघाला. माझ्याकडं त्यानं एकदाच बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी हाललो नसतो.

मी वीणेची तार अशी जोरात ओढली, की टाळ थांबले. महाराज वळले.

"महाराज, मी खोटं बोललो. त्ये जुनं न्हाय. त्ये गिटारीचं हाय."

मग महाराजांनी विचारलं, "मग लिहिलं कुणी?"

चपलांजवळून आवाज आला, "ह्यानं."

सगळं देऊळ त्याच्या शेजारी कोण आहे ते बघायला लागलं. शेजारी पाण्याचा पिंप होता.

"आरं, आता तरी नीट सांग की!" मी ओरडलो.

एक पाय चपलेत, एक बाहेर. म्हणाला, "मी."

सात वर्षांत पहिल्यांदा. आणि सांगतो, वाईट नाही दिसला तो शब्द त्याच्या तोंडात.

महाराज बिचारे कानकोंडे झाले. "अहो, मग मघापासून मी जे सांगितलं ते...?"

"बरोबर होतं महाराज," तो म्हणाला. "ह्याला... मला पण एवढं माहीत नव्हतं."

आधी महाराजच हसले, मग देऊळ हसलं. तेवढ्यात मागून कुणीतरी टोचलं, "आबा, शपथेचं काय? वीणा ठेवता का मग खाली?"

मी भाडेकऱ्याला खुणेनं पुढं बोलावलं. तो आला. मी गळ्यातून वीणा काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. मग वाकलो. ह्या वेळी कमरेपर्यंत नाही. गुडघा कट्‌कन वाजला, तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेला असणार. त्याच्या पायावर डोकं टेकलं. एका पायात चप्पल तशीच होती. तो घाबरून माझ्या पायांवर आला, तशी आमची दोघांची डोकी आपटली.

उठून बघतो तर त्यानं वीणा गिटारीसारखी पोटावर आडवी धरलेली.

"आडवी न्हवं, उभी!" मी म्हणालो. "आन दोन तास हलायचं न्हाय हितनं. खाली ठेवलीस तर याद राख."

"आबा, पण तुमची शपथ?"

"वीणा खाली ठेवीन म्हणालो व्हतो. ठेवली का खाली? तुझ्या गळ्यात हाय."

माझा शब्द मी आजवर मोडलेला नाही.

पुढं दोन वर्षांनी तो इंदापूरकडच्या कारखान्यात गेला, त्याच्या पाण्याजवळ. तिथं गेल्यावर पुन्हा 'ह्याला' सुरू झालंय, असं मंडळी फोनवर ऐकून सांगते. खोली मी कुणाला दिली नाही. चार वाजता भिंतीपलीकडं काही वाजत नाही. फ्यूजही जात नाही, त्याचा कंटाळा येतो.

सप्ताहात दुपारचा पहारा अजून माझाच असतो. ते गाणं मी त्याच चालीवर म्हणतो. मुद्रेची जागा आली की थांबतो, तार छेडतो आणि ती विरू देतो. परगावचं कुणी ऐकत बसलेलं असलं तर विचारतं, "आबा, हा अभंग कुणाचा?"

"आमच्या भाडेकऱ्याचा," मी सांगतो.